पार्श्वभूमी : दलाल बुडाला, आता भरपाई कशाची?

1963 मध्ये अमेरिकेत तारण ठेवलेल्या खाद्यतेलाच्या टाक्या उघडल्या, तर आत बहुतेक पाणीच निघाले. या घोटाळ्यात एक दलाली पेढी बुडाली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने सदस्यांकडून वर्गणी काढून तिच्या ग्राहकांची देणी भागवली आणि पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळा निधी काढला. तो फार टिकला नाही. दशकाच्या शेवटी सौदे इतके वाढले की कागदपत्रे उरकेनात. 1968 मध्ये तर त्यासाठी बाजार बुधवारी बंद ठेवावा लागे. पेढ्या एकापाठोपाठ एक बसल्या, निधी आटला आणि 1970 मध्ये कायदा करून ग्राहकांच्या भरपाईसाठी नवा निधी उभारावा लागला. तेव्हा एका ग्राहकाच्या भरपाईची मर्यादा 50 हजार डॉलर होती, ती 1980 मध्ये 5 लाखांवर गेली.

शेअर पडून झालेला तोटा हा निधी देत नाही. दलालाकडे ठेवलेले रोखे किंवा रोख रक्कम गायब झाली, तरच तो देतो. मग गायब झाले ते नेमके किती? कायद्यातला शब्द आहे ‘निव्वळ शिल्लक’, आणि खरा वाद झाला तो यावरच.

2008 मध्ये न्यूयॉर्कमधला एक प्रतिष्ठित दलाल पकडला गेला. ग्राहकांच्या शेवटच्या विवरणपत्रांवर मिळून सुमारे 65 अब्ज डॉलर दिसत होते, पण त्यासाठी एकही शेअर खरेदी झालेला नव्हता. ग्राहक म्हणाले, कागदावर आहे ते आमचे. बुडालेल्या पेढीचा हिशेब लावायला नेमलेल्या विश्वस्ताने मात्र साधी वजाबाकी केली : भरले किती, काढले किती. समजा, एकाने 1 लाख भरले, वर्षानुवर्षे घरखर्चासाठी मिळून दीड लाख काढले आणि शेवटच्या कागदावर 3 लाख होते. त्याला काहीच नाही, उलट वरचे पन्नास हजार परत मागितले जाण्याची धास्ती. 2011 मध्ये अपील न्यायालयाने ही वजाबाकी मान्य केली आणि 2015 मध्ये भरलेल्या रकमेत महागाईची वाढ धरण्याची मागणीही नाकारली. खोट्या नफ्याचे पैसे दुसऱ्याच ग्राहकाच्या मुदलातून द्यावे लागले असते, त्यामुळे तर्क बरोबरच आहे. पण त्याच कागदांवरच्या ‘नफ्या’वर प्राप्तिकर भरलेल्या म्हाताऱ्यांना तो पटवणे अवघड होते.

वायदे बाजार या कायद्याच्या छत्राबाहेरच राहिला. 2011 मध्ये एक मोठी वायदे पेढी कोसळली, ग्राहकांच्या वेगळ्या ठेवलेल्या पैशांत सुमारे 1.6 अब्ज डॉलरची तूट निघाली, आणि असा निधीच नव्हता. पैसे अखेर मिळाले, पण दिवाळखोरीच्या वसुलीतून आणि काही वर्षांनी.

युरोपने 1997 मध्ये सर्व सदस्य देशांना किमान 20 हजार युरोच्या भरपाईचे बंधन घातले. जानेवारी 2015 मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने युरोच्या तुलनेत फ्रँकच्या दरावर घातलेली कमाल मर्यादा अचानक काढली आणि लंडनमधला एक चलन दलाल बुडाला. तिथे भरपाई 50 हजार पौंडांपर्यंत होती.

ऑनलाइन चलन व्यापार मात्र बराचसा अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर चालतो. तिथे खाजगी तंटानिवारण संस्था आल्या. दलाल स्वेच्छेने सदस्य होतात, वर्गणीतला काही भाग निधीत जातो. एका प्रमुख संस्थेची मर्यादा एका तक्रारीला 20 हजार युरो. आकडा युरोपीय कायद्यातलाच, पण त्यामागे कायदा नाही. शिवाय संस्थेचा निकाल सदस्य दलालाने पाळला नाही, तरच निधीचे कुलूप उघडते. दलाल सदस्यच नसेल, तर तक्रार दाखल होण्याआधीच संपते.