पार्श्वभूमी : कमांड लाइनवरील चित्ररूपांतर आणि ‘कन्व्हर्ट’ या नावाचा गुंता

भरतीच्या अर्जांचे दिवस आले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सेवा केंद्रांवर ‘फोटो कन्व्हर्ट करून द्या’ ही मागणी दिवसभर ऐकू येते. अहिराणी बोलणारे गिऱ्हाईक त्यालाच ‘फोटो धाकला करी द्या’ म्हणते. मागणीचे शब्द एकच असले तरी काम दर वेळी निराळे असते. कोणाला आयफोनमधील एचईआयसी या स्वरूपाच्या छायाचित्राची नेहमीची जेपेग फाइल हवी असते, कोणाला बँक परीक्षेसाठी छायाचित्र २०० गुणिले २३० पिक्सेलांत आणि २० ते ५० केबीच्या मर्यादेत बसवायचे असते, तर कोणाला गुणपत्रिकेच्या चार छायाचित्रांची एकच पीडीएफ हवी असते. स्वरूप बदलणे, मोजमाप बदलणे, वजन (फाइलचा केबीतील आकार) उतरवणे आणि अनेक पाने एकत्र बांधणे ही चार कामे एका शब्दात कोंबली गेली, याचा दोष केवळ काउंटरवरच्या बोलण्याला देता येत नाही. इमेजमॅजिक या चित्रे बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ज्या कमांडने, म्हणजे टंकून द्यायच्या आज्ञेने, ही सारी कामे होतात, तिचे नावही दीर्घकाळ ‘कन्व्हर्ट’ हेच होते.

इमेजमॅजिकच्या आधीचा आणि आसपासचा काळ थोडक्यात सांगता येतो. ऐंशीच्या दशकात ईमेलमधून चित्र पाठवायचे तर ते साध्या अक्षरांत मांडावे लागे, आणि त्या गरजेतून पीबीएम हे शून्य आणि एक अशा अंकांनी लिहिलेले स्वरूप निघाले. १९८८ मध्ये त्याभोवती पीबीएमप्लस हा छोट्या छोट्या प्रोग्रामांचा संच आला आणि पुढे तोच नेटपीबीएम म्हणून वाढला. प्रत्येक स्वरूपातून प्रत्येक स्वरूपात जाणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहिण्याऐवजी मधल्या एका सोप्या स्वरूपात यायचे आणि तिथून हवे तिकडे जायचे, अशी त्याची रचना होती. दहा स्वरूपांसाठी नव्वदऐवजी वीसच प्रोग्राम पुरत. प्रोग्रामाच्या नावातच ‘कशातून कशात’ हे लिहिलेले असे. नावे उच्चारायला अवघड होती, पण त्यांत संदिग्धता नव्हती.

इमेजमॅजिकचा आरंभ १९८७ मध्ये एका रसायन कंपनीत झाला आणि १९९० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात चित्राची माहिती सांगायला आयडेंटिफाय, पाहायला डिस्प्ले, मूळ फाइलवरच बदल लिहायला मॉग्रिफाय आणि बाकी जवळजवळ सगळ्यासाठी कन्व्हर्ट, अशी कमांडींची वाटणी होती. युनिक्सवर हे नाव खपून गेले. विंडोजवर मात्र याच नावाची एक कमांड यंत्रणेच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आधीच बसलेली होती आणि तिचे काम डिस्कची फाइल व्यवस्था फॅट या जुन्या पद्धतीवरून एनटीएफएस या नव्या पद्धतीवर नेण्याचे होते. कमांड ज्या फोल्डरांत क्रमाने शोधली जाते त्या यादीत, म्हणजे पाथमध्ये, यंत्रणेचे फोल्डर आधी येत असल्याने छायाचित्र लहान करण्याची आज्ञा डिस्क बदलणाऱ्या प्रोग्रामकडे जाई आणि तो ‘पॅरामीटर अवैध’ अशा आशयाचे उत्तर देऊन थांबे. तो थांबत असे, हे वापरणाऱ्यांचे नशीबच म्हणायचे.

यावरचा तोडगा माहीत नव्हता असे नाही. २००२ मध्ये इमेजमॅजिकपासून फुटून निघालेल्या ग्राफिक्समॅजिकने सर्व कामे ‘जीएम’ या एकाच कमांडखाली घेतली आणि कन्व्हर्ट हा तिच्यापुढे लिहायचा दुसरा शब्द ठरवला, त्यामुळे टक्कर उरलीच नाही. मूळ प्रकल्पाने ‘मॅजिक’ ही एकछत्री कमांड आणली ती सातव्या आवृत्तीत, २०१६ मध्ये. तिने केवळ नाव बदलले असते तर वाद झाला नसता. तिने शब्दक्रमाचा नियमही कडक केला, म्हणजे आधी चित्र वाचायचे आणि मगच त्यावर क्रिया करायची. सहाव्या आवृत्तीत उलटसुलट लिहिलेली आज्ञाही बहुधा चालून जाई. नव्या रचनेच्या बाजूने असे सांगितले जाते की आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचता आली की परिणामाचा अंदाज करता येतो, आणि हे खरे आहे. तरीही पंधरा-वीस वर्षे साचलेल्या हजारो स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइली) जुन्या क्रमाने लिहिलेल्या होत्या, आणि सुधारणेचा भार ती मागणाऱ्यांपेक्षा या स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यांवर अधिक पडला, हेही तितकेच खरे आहे. लिनक्सच्या अनेक वितरणांनी (तयार संचांनी) पुढेही कित्येक वर्षे सहावीच आवृत्ती ठेवली, ती उगाच नव्हे. विंडोजवर सातवी आवृत्ती बसवताना जुनी नावे हवी असतील तर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते.

त्याच २०१६ च्या मे महिन्यात इमेजमॅजिकमधील, इमेजट्रॅजिक या नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघड झाली. मुद्दाम घडवलेली चित्रफाइल वाचताना सर्व्हरवर परकी आज्ञा चालवता येत असे, म्हणून काय वाचू द्यायचे आणि काय नाही हे ठरवणाऱ्या धोरण फाइलला महत्त्व आले. २०१८ मध्ये, पीडीएफ वाचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्राममधील त्रुटींनंतर, काही वितरणांनी त्या फाइलमध्ये पीडीएफवरच बंदी घातली. ‘सुरक्षा धोरणानुसार परवानगी नाही’ हा संदेश तेव्हापासून परिचयाचा झाला, आणि गुणपत्रिकांची पीडीएफ बांधणाऱ्यांना कारण न कळता अडून बसावे लागले.

वजनाच्या मर्यादेने निराळाच पेच घातला. जेपेगचे कमाल वजन सांगितले की इमेजमॅजिक दर्जा उतरवत त्याखाली आणते, पण किमान वजनासाठी तशी सोय नाही. २०० गुणिले २३० पिक्सेलांचे साधे छायाचित्र सहज २० केबीच्या खाली घसरते आणि अर्ज ते ‘फारच लहान’ म्हणून परत करतो. मग दर्जा चढवत जावे लागते. मोबाइलच्या छायाचित्रांत दिशेची नोंद एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या जोडमाहितीत, असते. वजन वाचवण्यासाठी ती माहिती काढून टाकली आणि त्याआधी चित्र प्रत्यक्ष फिरवून घेतले नाही, तर उमेदवाराचा चेहरा आडवा होतो. फाइलचे नाव एचईआयसीवरून जेपेग असे नुसते बदलण्याचाही प्रघात आहे, पण प्रकार नावावर नव्हे तर फाइलच्या आरंभीच्या बाइटांवर ठरतो, आणि ‘फाइल’ ही जुनी कमांड तेवढेच पाहून खरे काय ते सांगते.

मराठी वापरासाठी एक तपशील इथे नोंदवायला हवा. छायाचित्राखाली नाव आणि तारीख छापण्याची अट आली की देवनागरीचा प्रश्न उभा राहतो. अक्षरजुळणीची लायब्ररी जोडून न घेतलेल्या इमेजमॅजिकमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. पॅंगो या मजकूर जुळवणाऱ्या लायब्ररीच्या मार्गाने तोच मजकूर दिला तर तो नीट उमटतो. हा मार्ग बराच काळ उपलब्ध असूनही अनेक जण नाव अजून इंग्रजीतच छापतात.

चित्र नुसते पाहण्याची कथा याहून साधी आहे. नव्वदच्या दशकात एक्सव्ही, नंतर फेह हे हलके दर्शक आले. ऐंशीच्या दशकातील टर्मिनलांची, म्हणजे आज्ञा टंकायच्या पडद्यांची, चित्र दाखवण्याची सिक्सेल पद्धत मधल्या काळात विस्मरणात गेली होती, ती अलीकडे पुन्हा वापरात आली असून चाफा हा प्रोग्राम टर्मिनलमध्येच, सोय नसेल तर अक्षरांच्या ठिपक्यांतून, चित्र दाखवतो. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत जुनी नावे बसवलेली असतील आणि ‘कन्व्हर्ट’ लिहिले तर काम आजही होते. फक्त हे नाव कालबाह्य असून ‘मॅजिक’ वापरावे, अशी एक ओळ वर उमटते.