अपक्ष खासदार : वकिली पेशा आणि सोलापूर मतदारसंघ

कोणत्याही राजकीय पक्षाने उभा न केलेला, स्वतःच्या नावावर निवडून आलेला संसद सदस्य. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत असे ३७, तर १९५७ च्या लोकसभेत ४२ सदस्य होते. पुढे ही संख्या ओसरली. २०२४ मध्ये सात अपक्ष निवडून आले.

वकिलीतून आलेल्या अपक्षांत व्ही. के. कृष्ण मेनन यांची कारकीर्द विशेष अभ्यासण्याजोगी आहे. बॅरिस्टर मेनन १९५७ व १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसतर्फे निवडून आले होते. १९६७ मध्ये उमेदवारी नाकारली गेल्यावर ते ईशान्य मुंबईत अपक्ष लढले आणि काँग्रेसचे स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीतही त्यांना ताराबाई सप्रे यांच्यापुढे हार पत्करावी लागली. अखेर १९६९ मध्ये मिदनापूरहून आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रमहून ते अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. मधल्या काळात, खासदार असतानाच, न्यायालयाच्या अवमानाच्या गाजलेल्या खटल्यात केरळचे कम्युनिस्ट नेते ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. १९६९ आणि १९७१ च्या दोन्ही विजयांमागे डाव्या पक्षांचे बळ होते. अशा पुरस्कृत उमेदवाराला अपक्ष मानावे का, याविषयी दुमत आहे. निवडणुकीच्या नोंदीत मात्र उमेदवारी कोणी दिली एवढेच पाहिले जाते आणि तीच कसोटी अधिक निःसंदिग्ध वाटते.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले आणि हा प्रश्न कायद्याचा झाला. निवडून आल्यावर अपक्षाने कोणत्याही पक्षात प्रवेश केला तर त्याचे सदस्यत्व जाते. नामनिर्देशित सदस्याला सहा महिन्यांची मुभा आहे, अपक्षाला एका दिवसाचीही नाही. प्रवेश झाला हे ठरवायचे कसे? जगजितसिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने सदस्याचे प्रत्यक्ष वर्तन महत्त्वाचे मानले; बाहेरून पाठिंबा देणे म्हणजे प्रवेश नव्हे. २०२४ मध्ये सांगलीहून अपक्ष निवडून आलेले विशाल पाटील यांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले, ते या चौकटीत बसते. पक्षाने हाकललेल्या सदस्याची गोष्ट निराळी. जी. विश्वनाथन खटल्यातील निकालानुसार (१९९६) तो मूळ पक्षाचाच समजला जातो, म्हणून हकालपट्टीने कोणी अपक्ष होत नाही.

खासदाराने वकिली करावी का, हाही वाद होता. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरांना वकिलीची मनाई करतो. लोकप्रतिनिधी हे तसे नोकर नव्हेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

सोलापूर जिल्ह्याला कायद्याची जाणकार नेतेमंडळी नवी नाहीत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख वकील होते, पण अकरा वेळा आमदार झाले ते शेतकरी कामगार पक्षातर्फे. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून सुरुवात केलेले सुशीलकुमार शिंदे पुढे कायद्याचे पदवीधर झाले आणि काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. २०१४ मध्ये त्यांना हरवणारे ॲड. शरद बनसोडे भाजपचे. लोकसभेसाठी येथील कौल गेली कित्येक दशके पक्षचिन्हालाच मिळत आला आहे.

त्याची कारणे बरीचशी व्यावहारिक दिसतात. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने अनामत साडेबारा हजार रुपयेच आहे आणि उमेदवारी अर्जावर सही करणारे दहा सूचक मिळवणेही फारसे अवघड नाही. अडचण चिन्हाची. अपक्षाला ते माघारीची मुदत संपल्यावर मिळते आणि तेथून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदाच दिवसांची हमी आहे. तेवढ्यात मोहोळ, पंढरपूर, दक्षिण सोलापूर, शहरातील दोन्ही मतदारसंघ आणि अक्कलकोट पालथे घालायचे असतात. शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि बाकी मराठी, अशा तीन भाषांत ते नवे चिन्ह पोचवावे लागते. न्यायालयातील नावलौकिक येथे उपयोगी पडतो खरा, पण बूथवर बसायला माणसे लागतात, आणि ती पक्षाकडेच तयार असतात.