पिन पडते, काडतूस पेटत नाही: एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

चाप ओढला, घोडा (पिनेवर आदळणारी हातोडी) पडल्याचा 'टक्' आवाज आला आणि पुढे काहीच नाही. काडतूस बाहेर काढून बघावं तर बुडातल्या प्रायमरवर, म्हणजे ठोक्याने पेटून दारू उडवणाऱ्या वाटीवर, पिनेचा ठसा आहे, पण नुसता खरचटल्यासारखा. नेमबाज याला 'लाइट स्ट्राइक' म्हणतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये ऑलिंपिक ब्राँझ आणलं. तेव्हापासून कोल्हापुरात नेमबाजीबद्दल बोलणारी माणसं वाढली आणि 'मिसफायर कशानं होतं?' हा प्रश्नही वाढला. उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. स्प्रिंग गेली, नाहीतर माल खराब. दोन्ही कारणं खरी आहेत, पण सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस स्वतः भरणाऱ्या, हत्याराच्या बाबतीत त्यांच्या मागे आणखी एक गोष्ट आहे: या हत्यारांसाठी प्रायमर मुद्दामच जरा जाड कातडीचा केला गेला. तो तसा का करावा लागला, हे कळलं की दोष शोधणं बरंच सोपं जातं.

सुरुवात थोडी मागून करू. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतून इंग्रज आले होते, हेही. त्या काळची बंदूक जामगीची. जळती वात कानावरच्या रंजकाला, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूला, टेकवायची, रंजक पेटली की आग छिद्रातून आत जाणार आणि आतली दारू उडणार. आषाढातल्या पन्हाळ्यावर वात जळती ठेवणं आणि रंजक कोरडी राखणं म्हणजे काय दिव्य असेल, ते तिथला पाऊस अंगावर घेतलेल्यांना सांगायला नको. वातीनंतर चकमक आली. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडायची. आग बरोबर बाळगायची कटकट मिटली, रंजकाचं रडगाणं तसंच राहिलं.

किती वेळा दगा द्यायची ही चकमक? त्याचा हिशेब लावून ठेवलेला आहे. १८३४ मध्ये इंग्लंडात वूलिचला चकमकीच्या आणि टोपीच्या (ठोक्याने पेटणारी चिमुकली केप लावायच्या) बंदुका समोरासमोर तपासल्या. प्रत्येक प्रकारच्या ६,००० बार काढले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फुसकी गेली, टोपीची फक्त ३६ वेळा. म्हणजे सहा-सात बारांमागे एक फुकट, तिथून थेट दीडशेहून जास्त बारांमागे एक. या आकड्यांनंतर चकमकीची बाजू घ्यायला फारसं कोणी उरलं नाही.

टोपीमागे रसायन होतं. एडवर्ड हॉवर्डने १८०० च्या सुमारास पाऱ्याचं फल्मिनेट कसं करायचं ते लिहून ठेवलं. ठोका बसला की पेटणारी ही चीज. अलेक्झांडर फोरसिथ हा स्कॉटलंडमधला पाद्री, शिकारीचा नाद असलेला. चकमकीचा आणि रंजकाचा भपका दिसला की पाखरं सावध होतात, ही त्याची तक्रार. त्याने ठोक्याने पेटणाऱ्या रसायनावर चालणारी चाप-यंत्रणा तयार केली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे तेच रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरलं गेलं. दिवाळीत पोरं पिस्तुलात टिकल्या वाजवतात, त्याचीच ही थोरली बहीण.

१८५७ मध्ये ज्या एन्फिल्डच्या काडतुसावरून भडका उडाला, ते कागदाचं होतं. दारू आणि गोळी त्यात. टोपी मात्र शिपायाने वेगळी बसवायची. त्या वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री उठली. इतिहासाची चर्चा चरबीवर अडते, ते ठीकच. पण बंदुकीच्या बाजूने पाहिलं तर पेटवण्याचा भाग अजून काडतुसाच्या बाहेर होता आणि बार फुसका गेला तर दोष टोपीचा की दारूचा, हे बघता क्षणी कळायचं. ठासणीच्या बंदुकीचं आजही तसंच आहे. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि डुकरं-गवे उसात शिरतात तिथल्या शेतकऱ्याला तो का आहे ते समजावावं लागत नाही. केप ओली झाली की बार नाही, हे शेतावरचा गडीसुद्धा सांगेल.

१८६६ पर्यंत सगळं एका पितळी पुंगळीत आलं. त्याच वर्षी दोघांनी दोन तऱ्हेचे प्रायमर काढले: अमेरिकेत हायरम बर्डन, इंग्लंडात एडवर्ड बॉक्सर. प्रायमर म्हणजे पातळ धातूची वाटी. तिच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा थर आणि त्याच्या आड एक छोटी ऐरण. पिन बाहेरून वाटी दाबते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडतं आणि पेटतं. बॉक्सरने ऐरण प्रायमरच्या आतच बसवली, बर्डनने ती पुंगळीच्या बुडातच घडवली. नंतर इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेत रुळली आणि अमेरिकनाची युरोपात. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे ही जात अगदी कोवळी असतानाचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नुसतं टोचून प्रायमर पेटत नाही. वाटी पुरेशी आत दबली पाहिजे आणि तीही वेगाने. हळू दाबलेला खळगा खोल दिसला तरी काडतूस गप्प राहू शकतं. आणि ऐरण पक्की टेकलेली हवी. प्रायमर भरताना तो केसभर वर राहिला, तर पिनेचा पहिला ठोका त्याला आत बसवण्यातच खर्च होतो. अशा वेळी दुसऱ्या ठोक्याला काडतूस हमखास उडतं आणि माणूस उगाच स्प्रिंगवर संशय घेत बसतो.

बोल्ट-ॲक्शन रायफलीच्या, म्हणजे काडतुसामागचा दांडा (बोल्ट) हाताने मागेपुढे करायच्या रायफलीच्या, जमान्यात हे दुखणं फारसं वर आलं नाही. थ्री-नॉट-थ्रीत स्प्रिंग दणकट, बोल्ट हाताने बंद होणार, काडतूस सावकाश आत सरकणार. तिथे जास्त बोलबाला होता तो गंजाचा. जुन्या प्रायमरमधल्या क्लोरेटमुळे मागे मिठासारखा क्षार उरायचा. नळी गरम पाण्याने धुवायची आणि पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून ओढायची, ही शिस्त त्यातून आली. फल्मिनेटमधला पारा पितळ ठिसूळ करायचा, ते आणखी वेगळं. जर्मनांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस न गंजवणारं मिश्रण आणलं आणि हळूहळू शिशाचं स्टिफ्नेट सगळीकडे रूढ झालं.

मग स्वतः भरणारी रायफल आली आणि गणित बदललं. हिच्यात बोल्ट माणूस बंद करत नाही, स्प्रिंग करते आणि धाडकन करते. बऱ्याच रचनांत पिन आपल्या खोबणीत मोकळी असते. बोल्ट पुढे आदळून थांबला की पिन स्वतःच्या वजनाने थोडी पुढे जाते आणि प्रायमरला चाटते. अशा रायफलीत भरून, न उडवता काढलेलं काडतूस पाहिलं तर प्रायमरवर टिंबाएवढा ठसा दिसतो. नवशिक्याला वाटतं, लाइट स्ट्राइक झाला. प्रत्यक्षात चाप ओढलाच गेलेला नसतो.

हा चाटा जोरात बसला तर? चाप न ओढता गोळी सुटणार. याला म्हणतात स्लॅम-फायर, आणि सैन्याला मिसफायरपेक्षा याची धास्ती कितीतरी जास्त. मिसफायरने एक बार जातो. स्लॅम-फायरने शेजारचा माणूस. म्हणून उपाय दोन्ही अंगांनी झाले. पिन हलकी केली किंवा तिला मागे धरणारी छोटी स्प्रिंग दिली, आणि लष्करी प्रायमरची वाटी कमी संवेदनशील ठेवली. अमेरिकन हवाई दलाने १९६० च्या दशकात नव्या एआर-१५ रायफलीबद्दल हीच शंका काढली आणि तिची पिन हलकी केली गेली. प्रायमरची परीक्षाही दुहेरी असते. ठरलेल्या वजनाचा पोलादी गोळा पिनेवर सोडायचा. अमुक उंचीच्या खालून एकही उडता कामा नये, तमुक उंचीच्या वरून एकही चुकता कामा नये. दोन्ही बाजूंना नापास करणारी परीक्षा आहे ही.

अमेरिकन लष्करासाठी रायफली घडवणाऱ्या जॉन गॅरंडची कथा इथे मजेशीर आहे. १९२० च्या दशकात त्याची सुरुवातीची रायफल चक्क प्रायमरवर चालायची. बार झाला की प्रायमर दाबाने किंचित मागे येतो, त्या हालचालीवर त्याने बोल्ट उघडायची युक्ती केली होती. मग लष्कराने दारू बदलली, प्रायमर पुंगळीत कडा दाबून घट्ट केले आणि सगळी युक्ती पाण्यात. गॅरंड गॅसकडे, म्हणजे जळत्या दारूच्या वायूच्या दाबाने बोल्ट चालवण्याकडे, वळला. १९३६ मध्ये स्वीकारलेली एम-१ रायफल त्यातून निघाली.

आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफल सर्वसामान्य शिपायाच्या हाती आली ती १९६२ च्या चीन युद्धानंतर. बेल्जियमच्या एफएएल रायफलीवर बेतलेली, इशापूरला बनलेली ७.६२ ची एसएलआर. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात निवृत्त फौजी पारावर बसले की हिचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. हिच्या पिनेला परतीची स्प्रिंग असते. म्हणजे घोड्याने आधी त्या स्प्रिंगला हरवायचं, मग प्रायमरला. दोन्हींसाठी घोड्याची स्प्रिंग तशी जबर दिलेली असते. पण म्हातारी स्प्रिंग, पिनेच्या खोबणीत घट्ट झालेलं जुनं ग्रीस आणि कडक प्रायमर हे तिघे एकत्र आले की ठोका अपुरा पडतोच. तेच ग्रीस पिनेला पुढे अडकवून ठेवू शकतं, आणि मग उलट स्लॅम-फायरची भीती. एकाच घाणीचे दोन विरुद्ध परिणाम होतात, म्हणून पिनेची खोबण साफ आणि जवळपास कोरडी ठेवा, असं जाणकार सांगत आले. तेल जास्त घातलं की चांगलं, ही समजूत इथे नडते. विशेषतः आपल्या पावसाळ्यानंतर.

दोष शोधताना हा इतिहास असा कामी येतो. पहिलं पथ्य: नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार कधी उशिरानेही पेटतो. मग खळगा बघायचा. खोल आणि मधोमध असूनही काडतूस गप्प असेल तर संशय मालावर. उथळ असेल तर आधी बोल्ट पूर्ण बंद होत होता का ते पाहावं. अर्धवट राहिला असेल तर घोड्याचा निम्मा जोर बोल्ट ढकलण्यातच जातो. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) मळलेलं असलं की हे होतं. नंतर पिनेचं टोक, नंतर स्प्रिंग. आणि चाप हलका व्हावा म्हणून कोणी घोड्याची स्प्रिंग बदलली आहे का, हे मात्र सगळ्यात आधी विचारावं. माझ्या मते हौशी हत्यारांतल्या अशा दोषांचं निम्मं मूळ तिथेच सापडतं. प्रायमर कडक ठेवला तो दणकट घोडा गृहीत धरून. घोडा मऊ केला की तडजोड मोडली.

कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर ५० मीटरला जे वाजतं ते पॉइंट टू-टू. त्यात वेगळा प्रायमर नसतोच. मिश्रण पुंगळीच्या कडेत फिरवून पसरलेलं असतं, पिन कडेवर पडते. ही जात १८५७ पासूनची, आजचं लाँग रायफल काडतूस १८८७ चं. कडेत कुठे थर विरळ राहिला आणि पिन नेमकी तिथे पडली तर बार नाही. काडतूस जरा फिरवून पुन्हा मारलं की वाजतं. गोळीवरचं मेण आणि जळकी दारू बोल्टच्या तोंडाशी साचूनही ठोका मऊ होतो.

रायफल प्रकारात एकेक काडतूस हाताने भरतात. राहीच्या २५ मीटर प्रकारात पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक. तिथे बार अडला तर नेमबाजाने पिस्तुलाशी खटपट करायची नसते; रेंज अधिकारी तपासतो आणि बिघाड मान्य की अमान्य ते ठरवतो.

आणि घरच्या घरी दुरुस्तीचं म्हणाल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पिन वळवून देईल असा कारागीर शोधायला वेळ लागणार नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ तर सामान्य परवानाधारकाला वर्जितच. राहिली ती निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी परवान्याची बंदूक. ती परत आली की काडतूस भरण्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून पिनेची खोबण उघडून साफ करून घ्यावी. इतके दिवस उभ्या राहिलेल्या बंदुकीत तेल तिथेच घट्ट होतं.