तारेचं एक टोक आणि 49 चं गणित

डोंगरावर रेडिओ घेऊन जाणाऱ्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींना अँटेना नेण्याचं ओझं होत नाही, ती टांगायची कशावर हा प्रश्न असतो. डायपोल म्हणजे दोन हातांच्या नेहमीच्या अँटेनाची केबल बरोबर मधोमध जोडावी लागते आणि तारेचा मध्य तर उंचावर हवा. सह्याद्रीच्या कातळपठारावर एक धड झाड मिळालं तरी पुष्कळ. म्हणून 'एंड-फेड' (टोकाला जोडलेली) अँटेना लोकप्रिय झाली: तार एकच, एक टोक रेडिओपाशी, दुसरं फांदीवरून टाकलेल्या दोरीला किंवा फायबरच्या लांब काठीला.

सोय झाली, पण जोडणी अवघड झाली. 40 मीटरच्या (7 मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यासाठी अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण 20 मीटर भरते. तिच्यात प्रवाह मध्यावर सर्वाधिक आणि टोकांना नावापुरता असतो. दोरीउड्या खेळताना दोघांनी धरलेली दोरी मध्ये मोठा फेर घेते, हातांपाशी जेमतेम हलते, तसं. व्होल्टेजचं याच्या उलट. भरपूर व्होल्टेज आणि जेमतेम प्रवाह म्हणजे इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) दोन-तीन हजार ओहमच्या घरात. रेडिओला हवेत 50. तार 2450 ओहमची धरून सरळ जोडली, तर तिच्याकडे गेलेल्या शक्तीतला सुमारे 92 टक्के भाग उलटा फिरतो.

ही डोकेदुखी जुनीच. झेपेलिन या वायूच्या फुग्यासारख्या हवाई जहाजांखाली लोंबणारी तारही टोकालाच जोडलेली असे. 1920 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या योसेफ फुक्स यांनी कॉइल आणि कपॅसिटरच्या ट्यून्ड सर्किटमधून तार जोडली. ते चालतं उत्तम, पण पट्टा बदलला की पुन्हा जुळवायचं.

आज बहुतेक जण फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) कड्यावर ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात. रेडिओच्या बाजूला 2 वेढे, तारेच्या बाजूला 14. व्होल्टेज सातपट, इम्पीडन्स साताचा वर्ग म्हणजे 49 पट: 50 चे 2450. पाच वॅटला रेडिओकडचे 16 व्होल्ट तारेकडे 110 होतात, शंभर वॅटला जवळपास 500. प्रक्षेपण चालू असताना त्या टोकाला हात लावलात तर चटका ठरलेला. 28 मेगाहर्ट्झपर्यंत जुळणी टिकावी म्हणून 2 वेढ्यांच्या बाजूला 100 पिकोफॅरडचा, जास्त व्होल्टेज सोसणारा कपॅसिटर लावतात. 14, 21 आणि 28 या 7 च्याच पटी असल्यामुळे तीच तार तिथेही चालते.

कडं मात्र बघून घ्यावं. एफटी140-43 म्हणजे 1.4 इंच व्यासाचं, 43 नंबरच्या मिश्रणाचं फेराइट. त्याची पारगम्यता (चुंबकत्व वाहून नेण्याची क्षमता) सुमारे 850. लाल किंवा पिवळं रंगवलेलं लोहभुकटीचं कडं दिसायला तसंच, पण त्याची पारगम्यता 10 च्या आसपास. दोन वेढ्यांत त्याचं काही भागत नाही.

तपासणी घरीच होते. तारेच्या जागी 2.2 किलोओहम आणि 270 ओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि नॅनो-व्हीएनए या अँटेना मोजण्याच्या छोट्या यंत्रावर एसडब्ल्यूआर (शक्ती किती उलटी फिरते ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे उत्तम) बघायचा. तो 1.5 च्या आत आला की वेढ्यांचं गुणोत्तर बरोबर. पण एवढ्यावर खूश होऊ नये. वाईट कडं अर्धी शक्ती स्वतःच गिळून गरम होत असलं तरी एसडब्ल्यूआर देखणाच दिसतो. थोडं प्रक्षेपण करून कड्याला हात लावून बघणं (रेडिओ बंद करून!) जास्त प्रामाणिक.

'याला अर्थिंग लागतच नाही' असं विकणारे हमखास सांगतात. ते मला पटत नाही. तारेत टोकाकडून थोडा का होईना प्रवाह जातो, तेवढाच दुसऱ्या बाजूनेही वाहायला हवा. तुम्ही वाट दिली नाहीत तर तो कोएक्सच्या (रेडिओच्या केबलच्या) जाळीवरून बाहेरून येतो, आणि मायक्रोफोन ओठाला चावतो. कातळावर खुंटी ठोकूनही फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगच्या टोकाला दोनेक मीटरची वायर जोडून जमिनीवर सोडावी, आणि कोएक्सचे काही वेढे दुसऱ्या फेराइट कड्यातून रेडिओच्या अलीकडे काढावेत. तार आधी हिशेबापेक्षा हातभर लांबच ठेवावी. टोक दुमडून स्वतःवरच पीळ दिला की ती छोटी होते, कापावी लागत नाही.