टिपाडाचा श्वास

सप्टेंबर संपत आला होता. सकाळी सातला दाजींचा फोन. "मास्तर, दुकानदारानं गंडवलं बघा. टिपाडात पाणी घातलंय त्यानं."

दाजी मोहोळकडचे. घरी एक ट्रॅक्टर, भावकीत आणखी दोन, एक छोटा टेम्पो आणि मोटारसायकली किती ते मोजायला नकोत. सुटे डबे आणण्यापेक्षा लिटरमागे बरेच पैसे वाचतात, म्हणून चार घरांनी मिळून इंजिन ऑइलचं २१० लिटरचं अख्खं बॅरल घेतलं होतं. गोठ्यामागं लिंबाखाली ते उभं केलेलं. ज्याला लागेल त्यानं हातपंपानं काढून न्यायचं आणि वहीत लिहायचं. निम्म्याहून जास्त तेल बिनतक्रार गेलं. त्या सकाळी मात्र पंपातून दूध जास्त झालेल्या चहासारखा पदार्थ आला.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. नातेवाइकांच्या लेखी याचा अर्थ, मिक्सरपासून बोअरच्या मोटारीपर्यंत सगळं मला कळतं. गेलो.

टिपाडाचं झाकण कोरडं होतं, पण त्याच्या उभ्या काठाला आतून वाळलेल्या मातीची एक रेघ होती आणि लिंबाची पानं चिकटलेली. पाणी साचून आटलं की हौदाला उमटते तशीच रेघ. झाकणावर दोन बुचं असतात, एक मोठं, एक लहान. मोठ्या बुचाचं वॉशर तडकलेलं. "पण बूच घट्ट होतं की ओ," दाजी म्हणाले. "पान्यानं आवळलंय मी स्वतः."

मुद्दा नेमका इथंच आहे. घट्ट लावलेलं टिपाडसुद्धा श्वास घेतं.

शाळेतला चार्ल्सचा नियम आठवा. हवा तापली की फुगते, निवली की आक्रसते, आणि ते प्रमाण केल्विनमधल्या तापमानाशी बांधलेलं असतं. टिपाड निम्मं रिकामं धरू, म्हणजे आत १०५ लिटर हवा. आपल्याकडे परतीच्या पावसाची तऱ्हा ठरलेली. दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन, चारला ढग, साडेचारला धो धो. उन्हात टिपाडाचा पत्रा हाताला चटका देतो. आतली हवा ५५ अंश सेल्सिअस धरू, म्हणजे ३२८ केल्विन. पाऊस पत्र्यावर कोसळला की ती बघता बघता २८ अंशांवर येते, म्हणजे ३०१ केल्विन. १०५ ला ३०१ ने गुणा आणि ३२८ ने भागा. उत्तर येतं साधारण ९६ लिटर. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात टिपाडाच्या पोटात साडेआठ लिटरची जागा तयार झाली. काहीतरी आत आल्याशिवाय ती भरणार नाही.

काहीच आत येऊ दिलं नाही तर? मग आतला दाब आठ टक्क्यांनी घटतो. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण कशाचे आठ टक्के ते बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. इथला हवेचा दाब म्हणजे पावणेदहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. त्याचे आठ टक्के म्हणजे जवळजवळ ८० सेंटिमीटर. झाकणावर एक सेंटिमीटर पाणी साचलं असेल तर त्याच्या स्वतःच्या वजनानं ते बुचाच्या आट्यांवर एका सेंटिमीटरचाच दाब देतं. टिपाड मात्र त्याच पाण्याला ऐंशी पट जोरानं आत ओढतं. जे वॉशर पाण्याच्या नुसत्या वजनाला सहज दाद देत नाही, ते या ओढीपुढं हार मानतं.

आणि ओढलं जातं ते पाणीच, हवा नव्हे. कारण बूच झाकणावर आहे आणि झाकण म्हणजे काठ असलेली परात. साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाची ही परात एक सेंटिमीटर भरली की त्यात अडीच लिटर पाणी मावतं. बुचाच्या फटी या पाण्याखाली बुडालेल्या. हवेला वाटच नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आतली हवा फुगली, दाब वाढला, आता काहीतरी बाहेर जायला हवं. जाते ती हवा. कारण हवा वर असते आणि काल आत शिरलेलं पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळं तळाला जाऊन बसलेलं असतं. इंजिन ऑइलची घनता पाण्याच्या सुमारे ८७ टक्के. म्हणजे येताना पाणी, जाताना हवा. सायकलच्या पंपातल्या वॉल्व्हसारखा हा एकतर्फी व्यवहार रोज चालू राहतो. तेल काढून काढून टिपाड जितकं रिकामं होतं तितका हा श्वास मोठा होतो. म्हणून पहिलं निम्मं टिपाड बिनघोर जातं आणि पुढं घात होतो.

एक कबुली देतो. "हवेतला दमटपणा तेलात उतरतो" असं मी स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब केला. २८ अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २७ ग्रॅम बाष्प असतं. साडेआठ लिटरात मग पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. चहाचा एक चमचाभर पाणी जमायला वीस-बावीस रात्री लागतील, तेही सगळंच्या सगळं आत राहिलं तर. आम्ही टिपाड तिरकं करून, खालच्या कोपऱ्यात नळी सोडून तळचं पाणी काढलं, ते सहा-सात लिटर निघालं. हवेतल्या बाष्पाला हा आकडा गाठायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली असती. गुन्हेगार झाकणावरचं डबकंच. दुकानदार सुटला.

दाजींच्या आईंना मात्र दुसरंच कोडं होतं. दिवस मावळला की गोठ्यामागून "ढप्प" असा आवाज येतो, कुणीतरी आहे तिथं, म्हणून त्यांनी टिपाडाला लिंबू-मिरचीही बांधली होती. आवाज खरा आहे. आतला दाब घटला की झाकणाचा पत्रा आत दबतो, सकाळी तापला की परत बाहेर उमलतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबून सोडा, तोच आवाज, फक्त मोठा. लिंबू-मिरचीऐवजी त्या जागी एक जुनी घमेली पालथी घातली असती तर चार घरांचं तेल वाचलं असतं.

पाणी तळाला बसतं तर पंपातून चहा का आला? पाणी आणि तेल मिसळत नाहीत हे पाचवीतलं पोरही सांगेल. पण इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात काजळी आणि मळ तरंगत ठेवण्यासाठी मुद्दाम घातलेले रेणू असतात. त्यांचं एक टोक तेलात रमणारं, दुसरं मळाला किंवा पाण्याला धरणारं. साबणाचंही असंच असतं. पंपानं तळ ढवळला की हे रेणू पाण्याच्या प्रत्येक थेंबाभोवती कोंडाळं करतात, पाण्याकडचं टोक आत, तेलाकडचं बाहेर, आणि थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. अशा कोट्यवधी थेंबांवर प्रकाश विखुरतो आणि मिश्रण दुधाळ दिसतं. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. धातूची झीज रोखण्यासाठी तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेली संयुगं घातलेली असतात. पाण्यानं त्यांचं विघटन होतं. म्हणजे निथळून वरून स्वच्छ दिसणारं तेलही पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. दाजींना हे पटवायला जड गेलं. "वरचं तर सोन्यासारखं दिसतंय की!"

मग तडतडीची परीक्षा केली. जुना तवा अंगणात तापवायचा, पाणी शिंपडल्यावर थेंब नाचत पळायला लागला की त्यावर तेलाचा एकच थेंब टाकायचा आणि लांब उभं राहायचं. कोरडं तेल गप पसरतं. तेलात हजारात एक भागाएवढं पाणी असलं तरी फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखं तडतडतं. तडतडलं. (तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. आणि हे घरात करायचं नाही.)

उपाय सोपा आहे. टिपाड आडवं ठेवायचं, फळ्यांवर, सावलीत, दोन्ही बुचं घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी येतील असं. भरलेल्या टिपाडात मग बुचं आतून तेलाखाली राहतात, बाहेर पाणी साचायला परातच उरत नाही. उघडून वापरात असलेलं टिपाड मात्र छपराखालीच. तेही जमत नसेल तर एका कडेखाली वीट सरकवून तिरकं करा, बुचं पाण्याबाहेर राहतील अशी.

हे झालं तेलाचं. ब्रेक ऑइलची जातच वेगळी. नावात ऑइल आहे, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातलं द्रव्य, पाण्याशी कुठल्याही प्रमाणात एकजीव होणारं. त्यात पाणी तळाला बसत नाही, दिसत नाही, दुधाळही होत नाही. परिणाम होतो तो उत्कलनबिंदूवर. डॉट ४ प्रतीचं कोरडं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हाच दंडक १५५ अंशांवर येतो. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. तुळजापूरचा घाट भरलेल्या टेम्पोनं उतरताना ब्रेक सतत दाबलेला असतो आणि चाकाजवळचं ऑइल तापतं. ते उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३.७ टक्के म्हणजे चार चमचे पाणी. ते आत जातं कसं? श्वासाचा हिशेब इथं उलटा निघतो. अर्ध्या रिकाम्या, पण घट्ट बंद बाटलीचा रोजचा श्वास वीसेक मिलिलिटर हवेचा, त्यातलं बाष्प अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. त्या वाटेनं चार चमचे भरायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही. खरी वाट सैल झाकणाची. ब्रेक ऑइल बाष्पाचा प्रत्येक रेणू पकडून ठेवतं, त्यामुळं बाटलीच्या तोंडाशी हवा कायम कोरडी आणि बाहेरची हवा कायम दमट. श्वास असो-नसो, बाष्प रात्रंदिवस आत झिरपत राहतं. लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधणारी आजी आठवा. म्हणून हे द्रव्य घाऊक घ्यायचंच नाही. छोटी बाटली आणा, वापरा, उरलेलं "पुढच्या वेळी होईल" म्हणून खिडकीत ठेवू नका. आणि इंजिन ऑइलचं नरसाळं याला कधीच नको. खनिज तेलाच्या अंशानंही ब्रेकमधली रबरं फुगतात.

तिसरा प्रकार बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा, म्हणजे डीईएफचा. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. इथं शत्रू पाणी नाही, ऊन आहे. उष्णतेनं युरियाचं विघटन होऊन अमोनिया सुटतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सतत २५ अंशांच्या आत ठेवलं तर ते १८ महिने टिकतं, ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. त्यापुढं हमी नाही, तपासून वापरा. आता आपला मे महिना आणि पत्र्याची शेड डोळ्यांपुढं आणा. स्वस्त पडतं म्हणून फेब्रुवारीत वर्षाचा साठा करणारा माणूस दिवाळीत काय ओततो हे सांगता येत नाही. शेतीचा युरिया बादलीत घोळवून डीईएफ बनवण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यापासून लांब राहा. आपल्याकडे पोत्यात येणाऱ्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाचं तेल चोळलेलं असतं. पिकाला ते चांगलं, पण सायलेन्सरमधल्या महागड्या उत्प्रेरकाला मुळीच नाही.

कूलंटचं फार सांगण्यासारखं नाही. बंद कॅनमध्ये ते निवांत राहतं, फक्त बोअरचं क्षाराचं पाणी त्यात घालू नका आणि ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. रंग सरबताचा, चव गोड आणि द्रव्य विषारी.

राहता राहिला घाऊक खरेदीचा सवाल. नोकरदार घरात एक कार आणि दोन मोटारसायकली धरल्या तर वर्षाला सात-आठ लिटर इंजिन ऑइल लागतं. २१० लिटर संपायला पंचवीस-तीस वर्षं लागतील, आणि बंद डब्यातल्या तेलालाही बहुतेक उत्पादक पाच वर्षांच्या आसपासची मुदत सांगतात. शिवाय मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडालेला असतो, कारचं निसरडं तेल त्यात घातलं तर तो घसरतो. म्हणजे एक टिपाड दोघांना चालत नाही. तीन ट्रॅक्टर असलेल्या भावकीला मात्र ते परवडतं, आणि पुढच्या वेळीही ते टिपाडच घेणार आहेत.

उरलेलं तेल ट्रॅक्टरात घालायचं नाही, यावर शेवटी एकमत झालं. ते कुळवाच्या फासांना गंज चढू नये म्हणून लावायला बाजूला काढलं. दुकानदाराला दाजी फोनवर काय काय बोलले होते, ते मला ताईकडून कळलं. त्यामुळं नवं वॉशर आणायला दाजी त्या दुकानात जायला तयार नाहीत. ते मीच सोलापुरातून घेऊन जाणार आहे.