फौजदारी वकील : सातारा व सांगली जिल्ह्यांतील बचाव पक्षाचे काम

फौजदारी वकील म्हणजे गुन्ह्याचा आरोप आलेल्या माणसाच्या बाजूने पोलीस ठाण्यापासून अपिलापर्यंत उभा राहणारा वकील. न्यायालयाच्या कागदांत त्याला ‘आरोपीतर्फे वकील’ किंवा ‘बचाव पक्षाचे वकील’ म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत त्याच्या ऑफिसच्या बाकावर बसलेली माणसे पाहिली की ‘आरोपी’ या शब्दात किती जण मावतात ते कळते : बांधावरून चुलतभावाशी मारामारी झालेला शेतकरी, सुनेच्या फिर्यादीत नाव आलेली सासू, उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून माणूस गेला म्हणून अटक झालेला ट्रॅक्टरचालक, चोरीच्या संशयावरून रात्री घरातून नेलेला पारधी तरुण. यांतले कोण दोषी हे न्यायाधीश ठरवतो. सरकारने आरोप सिद्ध करून दाखवावा आणि तोही कायद्याने आखून दिलेल्या वाटेनेच, हा आग्रह शेवटपर्यंत धरणे हे वकिलाचे काम.

‘गुन्हेगाराची बाजू घेता कशी?’ हा प्रश्न या वकिलाला घरच्या जेवणाच्या पानावरही विचारला जातो. उत्तर घटनेतच आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा अटकेतल्या माणसाचा हक्क अनुच्छेद २२(१) देतो. बार कौन्सिलचे नियमही सांगतात की आरोपी दोषी आहे असे वकिलाला मनातून वाटले, तरी त्या मताखातर बचाव नाकारायचा नाही. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर ‘आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही’ असे ठराव वकील संघटना करतात, ते बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट सांगितले.

सातारचे नाव या कामाशी फार जुने जोडलेले आहे. १८७९मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला चालला. सरकारविरुद्ध बंड केलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहणे तेव्हा जोखमीचे होते. ते वकीलपत्र गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका यांनी घेतले. काकांचा जन्म १८२८मध्ये सातारचा. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवण्यात आले आणि १८८३मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. खटल्याचा निकाल काय लागणार हे काकांना दिसत नसेल असे नाही. तरीही ते उभे राहिले नसते, तर त्या न्यायालयात एकच बाजू बोलली असती.

पहिले चोवीस तास

वकिलाची खरी गरज खटला सुरू होण्याच्या कितीतरी आधी, अटकेच्या रात्री लागते. १ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, हक्कांचा गाभा तोच राहिला. अटकेची कारणे सांगणे (कलम ४७), नातेवाइकांना कळवणे (कलम ४८) आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे (कलम ५८) पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही.

अनेकदा अटकेचीच गरज नसते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत कारणे नोंदवल्याशिवाय अटक करू नये, हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अर्नेश कुमार खटल्यात घट्ट केले. ती नोटीस आता कलम ३५(३)खाली निघते. नोटीस हातात पडली की माणूस घाबरून गाव सोडतो आणि पुढे तेच ‘फरार’ म्हणून त्याच्या अंगाशी येते. जाणता वकील त्याला ठरल्या दिवशी ठाण्यात हजर करतो आणि हजर झाल्याची नोंद कागदावर येईल याची काळजी घेतो.

रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी पोलीस माणसाला हजर करतात तेव्हा, दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आदल्या रात्री मार खाल्लेला माणूस, मागे तेच पोलीस उभे असताना, बहुधा ‘नाही’ म्हणतो. त्याच्याशी आधी दोन मिनिटे एकट्याने बोलणारा वकील असेल तर हे उत्तर बदलू शकते, वैद्यकीय तपासणीचा आदेश मागता येतो आणि अंगावरचे वळ नोंदीत येतात. ही दोन मिनिटे किती मोलाची असतात ते सांगलीला वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१७मध्ये चोरीच्या संशयावरून पकडलेल्या तरुणाचा तिथे पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचे उघड झाले.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). अपवाद एवढाच की त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणूनच कोयता ‘काढून दिल्याचा’ पंचनामा पुढे खटल्याचा कणा बनतो आणि वकील पहिल्या दिवसापासून त्या पंचनाम्याच्या वेळेवर आणि पंचांच्या नावांवर नजर ठेवतो.

जामीन

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘वकीलसाहेब, जामीन हुईल न्हवं?’ जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्कच आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात आधी दंडाधिकारी, मग सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय अशी वाट असते. अटक होण्याआधीचा जामीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२खाली सत्र किंवा उच्च न्यायालयात मागतात. अॅट्रॉसिटी कायद्यात त्याला मनाई आहे, पण फिर्यादीतून सकृद्दर्शनी तो गुन्हा दिसतच नसेल तर न्यायालय अर्ज ऐकू शकते.

जामिनाचा एक प्रकार मात्र पूर्णपणे वकिलाच्या दक्षतेवर अवलंबून असतो. ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो (कलम १८७). कोठडीचा पहिला दिवसही यात मोजायचा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दिला. हा हक्क अर्ज केल्याशिवाय हाती येत नाही. दोषारोपपत्र आधी आले की तो गेला. तुरुंगातल्या माणसाला दिवस मोजता आले तरी अर्ज लिहिता येत नाही, म्हणून डायरीत तारखेवर लाल खूण करणारा वकील इथे माणसाची सुटका करतो.

आदेश झाला म्हणजे माणूस घरी आला असे नसते. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो, रेशनकार्ड लागते. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुराला वाळव्यात किंवा कराडात सातबारा लावणारा माणूस कुठून मिळणार? अशा वेळी वकील जातमुचलका, म्हणजे आरोपीचे स्वतःचे हमीपत्र, किंवा रोख रक्कम मागून घेतो. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात पूर्तता झाली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले. ते न्यायाधीशांपुढे ठेवावे लागतात. स्वातंत्र्यलढ्यात सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ला निसटले, सातारच्या तुरुंगातून नागनाथअण्णा नायकवडी १९४४मध्ये. त्या आठवणी दोन्ही जिल्हे अभिमानाने सांगतात. त्याच तुरुंगांतले आजचे बंदी प्रामुख्याने निकालाची वाट पाहणारे न्यायाधीन लोक आहेत आणि त्यांच्यासाठी सुटकेची वाट या कागदांतून जाते.

कागद आणि साक्ष

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. खटला इथेच घडतो किंवा बिघडतो. फिर्याद किती वाजता नोंदली, घटना किती वाजताची, जखमी माणूस सिव्हिलला किती वाजता पोचला, या तीन वेळा शेजारी मांडल्या तरी पुष्कळ उमगते. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी फिर्यादी असतात. दुसऱ्या बाजूच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर तो बचावाचा बळकट मुद्दा ठरतो. जखम साधी की गंभीर यावर कलम बदलते, म्हणून एक्स-रेचा रिपोर्ट वकील स्वतः पाहतो. हाडाची चीर खरोखर आहे का, जुनी आहे का, हे डॉक्टरांना साक्षीत विचारावे लागते. आरोपाला आधारच नसेल तर खटला पुढे नेण्याआधी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो.

उलटतपास हे या वकिलाचे सर्वांत कसबी काम. १९९८च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. वडूज, पाटण, विटा, जत कुठेही जा, जबानीत एक साचा कानावर पडतो : ‘असे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो.’ वकील सूचना करतो, साक्षीदार नाकारतो, टंकलेखक उतरवतो. नवख्याला हे निरर्थक वाटते. पण आधीच्या पोलीस जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार पहिल्यांदाच न्यायालयात बोलला, तर ती वगळ नोंदवून घ्यावी लागते आणि पुढे तपासी अंमलदाराकडून शाबीत करून घ्यावी लागते. हे राहून गेले की युक्तिवादात कितीही आवाज चढवला तरी उपयोग होत नाही. चांगला उलटतपास बहुधा छोटा असतो. एक प्रश्न जास्त विचारून साक्षीदाराला खुलासा करायची संधी देणे ही तरुण वकिलांची नेहमीची चूक, आणि तिची किंमत अशील मोजतो.

साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला पुराव्याबद्दल थेट प्रश्न विचारतात (कलम ३५१). हे शपथेवर नसते. सगळ्याला ‘खोटे आहे’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे, पण खरा खुलासा असेल तर तो इथेच द्यावा लागतो, कधी लेखी म्हणण्याच्या रूपाने. शिक्षा झालीच तर वकिलाचे काम संपत नाही : पहिला गुन्हा, वय, घरची जबाबदारी मांडून परिवीक्षा कायदा, १९५८चा लाभ, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, मागता येतो. खटल्याबाहेरच्या चॅप्टर केसेस (शांतता राखण्याच्या हमीसाठीची कारवाई) आणि तडीपारीच्या नोटिसा हाही याच वकिलाच्या कामाचा भाग.

ज्याला वकील परवडत नाही

महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ने दिला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. २०२२च्या राष्ट्रीय योजनेतून लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली. तिथले वकील खासगी कामे न घेता पूर्णवेळ आरोपींचाच बचाव करतात.

गरीब आरोपीच्या खटल्यात तपासातल्या उणिवांकडे दुर्लक्ष झाले तर काय होते याचे महाराष्ट्रातले उदाहरण काळीज हलवणारे आहे. भटक्या जमातीतील सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेपही फाशीत बदलली. त्याच न्यायालयाने २०१९मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तपासातल्या उणिवा त्या सगळ्या वर्षांत कागदावर होत्याच. दोन्ही जिल्ह्यांतल्या पारधी वस्त्यांवर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी संशयाची पहिली धाव अजून तिकडेच असते. म्हणून तिथल्या आरोपीचा वकील सर्वांत तयारीचा असायला हवा.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरचे अपील पूर्वी मुंबईला न्यावे लागे : रात्रीचा प्रवास, मुंबईतल्या वकिलाची वेगळी फी, आणि तारीख पडली की पुन्हा तेच. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. सांगलीहून कोल्हापूर साधारण ५० किलोमीटर. ज्या वकिलाने खालच्या न्यायालयात साक्षीदार तपासले, तोच आता सकाळच्या एस.टी.ने जाऊन वरच्या न्यायालयात अपिलावर बोलू शकतो, आणि त्याच्या शेजारी आरोपीचा बापही बसून ऐकू शकतो.