२५-९ चं गणित: बीएमएक्सचे पार्ट सुटेसुटे निवडता का येत नाहीत

२५-९. पुढं पायडलपाशी २५ दात्यांची चकती, मागं ९ दात्यांचा ड्रायव्हर (मागच्या चाकाचं चेन ओढते ते दात्यांचं चाक). फ्रीस्टाइल बीएमएक्स (उड्या आणि कसरती करायची छोटी २० इंची सायकल) स्वतः जोडायला घेतली की हा आकडा समोर येतोच. जुन्या सायकलींवर तो ४४-१६ असायचा. आता भागून बघा, ४४ भागिले १६ म्हणजे २.७५ आणि २५ भागिले ९ म्हणजे २.७८, त्यामुळे पायडलचा एक फेरा मारला की दोन्ही सायकली साधारण साडेचार मीटरच्या आतबाहेर जाणार, पायाला फरक जवळपास कळणारच नाही. तरी सगळ्यांनी बदललं, कारण मोठी चकती खाली लोंबते, कठड्यावर घासते, वाकते, आणि छोटी चकती वर राहते, हलकी असते, चेनही कमी लागते.

पण हे फुकटात मिळत नाही. ७० किलोचा माणूस आडव्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) एका पायावर पूर्ण उभा राहिला, क्रँक १७५ मिमीचा आहे, तर ४४ च्या चकतीवर चेनला येणारा ओढ साधारण १३७ किलोचा असतो आणि २५ च्या चकतीवर तोच २४० किलोच्या घरात जातो. माणूस तोच, पाय तोच, फक्त चकतीची त्रिज्या ८९ मिमीवरून ५१ वर आली, शाळेत शिकलेली तरफच ती. शिवाय ९ दात्यांचं चाक खरं तर गोल नसतंच, चेनसाठी तो नऊ बाजूंचा बहुकोन असतो, चेनची प्रत्येक कडी त्यावर ४० अंशात दुमडते आणि एकसारखं फिरवलं तरी चेनचा वेग प्रत्येक दात्यागणिक सहा टक्क्यांपर्यंत कमीजास्त होतो. १६ दात्यांना हेच दोन टक्क्यांच्या आत असतं. म्हणून छोट्या ड्रायव्हरवर चेन लवकर झिजते.

आणि गंमत अशी की ९ दात्यांचं फ्रीव्हील (पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं सुटं दात्यांचं चाक) बनवताच येत नाही, एवढ्याशा जागेत आत कुत्री (त्या स्प्रिंगवाल्या खिट्ट्या) आणि छर्रे मावणारच नाहीत. मग दाते ड्रायव्हरवरच कापतात आणि खिट्ट्या हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) पोटात जातात. म्हणजे तुम्ही चकती बदलली नाही, तुम्ही अख्खा मागचा हब बदलला. मला बीएमएक्समध्ये हेच फार आवडतं, इथं एकटा पार्ट असा नसतोच, एकाला हात लावला की जोर आणि माप दुसरीकडं सरकतं.

चेनचंच पुढं बघा. चेनच्या कड्यांची एक जोडी कमी केली की २५.४ मिमी गेले, चेन वरून आणि खालून अशी दोनदा जाते त्यामुळे मागचं चाक त्याच्या निम्मं, १२.७ मिमी पुढं सरकतं. हाफलिंक चेन (जिची एकेक कडी काढता येते) घेतली तर ६.३ मिमीच्या टप्प्यानं सरकवता येतं. एवढ्याशानं काय होतंय असं वाटेल, पण बीएमएक्सची मागची बाजू मुळात साधारण १३ इंच, म्हणजे ३३ सेंमी. पायडल न मारता, नुसतं अंग मागं टाकून पुढचं चाक उचलायचं, ज्याला मॅन्युअल म्हणतात, तेव्हा तुमचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागं न्यावं लागतं, आणि अ‍ॅक्सल सेंटीमीटरभर पुढं आला की तेवढं अंग कमी फेकावं लागतं. सरावलेल्या माणसाला हे पहिल्याच उचलीत कळतं. चाक फ्रेमला जितकं चिकटवाल तितकी सायकल उचलायला सोपी, आणि उतारावर वेगात असताना तितकीच चंचल.

पुढच्या चिमट्याचं पण असंच आहे. हेड ट्यूबचा (चिमटा ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन ७५ अंश, चिमट्याचा ऑफसेट (अ‍ॅक्सल त्या नळीच्या रेषेच्या जितका पुढं असतो ते अंतर) ३० मिमी धरला तर चाक जमिनीला टेकतं ती जागा स्टिअरिंगच्या रेषेच्या साधारण ३८ मिमी मागं पडते. याला ट्रेल म्हणतात, रस्त्यावरच्या रेसिंग सायकलला तो ६० मिमीच्या आसपास असतो. ट्रेल कमी म्हणजे हँडल पटकन वळतं. फ्रेमचा कोन एकाच्या आवडीचा आणि चिमटा दुसऱ्याच्या सल्ल्याचा असं केलं तर दोघांची बेरीज काय होईल हे आधी कागदावर काढून बघा.

आता चाक. २० इंची चाकाची रिंग टायर बसतो तिथं ४०६ मिमी व्यासाची, २६ इंचीची ५५९. एकाच जाडीची रिंग धरली तर फिरवायला लागणारी जडता त्रिज्येच्या घनानं वाढते, म्हणजे छोटी रिंग हवेत वळवायला २.६ पट सोपी. वर आरे आखूड, त्यामुळे आडवा मार जास्त सोसते. बहुतेकांना वाटतं हब वरच्या आऱ्यांना लटकतो, पण सगळे आरे आधीच ताणलेले असतात आणि वजन आलं की खालच्या चारदोन आऱ्यांचा ताण कमी होतो, बाकीच्यांना फारसं कळतही नाही. दीड मीटरवरून सपाट जमिनीवर पडलात आणि गुडघे-कोपरं मिळून ५० सेंमी दबली तर शरीराला सरासरी चौपट वजन झेलावं लागतं, ताठ राहून ५ सेंमीतच थांबलात तर ३१ पट. त्या क्षणी खालचा आरा पूर्ण सैल पडला तर निपल (आऱ्याच्या टोकाचा छोटा नट) हळूहळू उलटं फिरतं आणि चाकात आउट येतो, म्हणजे चाक डुगडुगतं. म्हणून ३६ आरे, भरपूर आणि सारखा ताण, आणि आउट काढून झाल्यावर समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत धरून कचकून दाबायच्या. टिक टिक आवाज येतो, पीळ सुटतो, आऱ्याची मान हबच्या भोकात नीट बसते. मग परत आउट काढायचा. हे न करता चाक लावलं तर पहिल्या उडीत तोच आवाज रस्त्यावर येणार.

कोणता धातू घ्यायचा याचं उत्तर मात्र कॅलिफोर्नियात पोरांनी फ्रेमी मोडून मोडून शोधलंय. १९६३ साली आलेल्या श्विन स्टिंग-रे या २० इंची सायकली घेऊन तिथली पोरं १९७० च्या सुमारास मोटोक्रॉसची नक्कल करत मातीत उड्या मारायला लागली, साध्या लोखंडाचे चिमटे वाकायचे, मग रेडलाइनसारख्या कंपन्यांनी क्रोमोलीच्या नळ्यांचे चिमटे काढले. ४१३० क्रोमोली म्हणजे क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि ०.३० टक्के कार्बन असलेलं पोलाद. अ‍ॅल्युमिनियम तिप्पट हलकं असतं पण तिप्पट लवचीकही, त्यामुळे वजनाच्या हिशोबात ताठपणा जवळपास सारखाच. खरा फरक थकव्यात आहे. पोलादावरचा मार एका मर्यादेच्या खाली असेल तर ते कितीही वेळा झेलतं, अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, छोटे छोटे धक्के साठत जातात आणि एक दिवस तडा. म्हणून फ्रीस्टाइलची फ्रेम, चिमटा, हँडल, क्रँक क्रोमोलीचे, आणि रिंग, स्टेम (हँडल पकडणारा तुकडा), चकती अ‍ॅल्युमिनियमच्या. रेसिंगवाले मात्र अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम खुशाल घेतात, त्यांना जिन्यावरून उड्या मारायच्या नसतात.

बजेट कमी असेल तर मी सगळ्यात आधी मागच्या चाकावर खर्च करीन, चांगला हब, दुहेरी भिंतीची रिंग, १४ मिमीचा अ‍ॅक्सल. चेनचा सगळा ओढ आणि पडण्याचा बराचसा मार तिथंच येतो. रंगीत पेग (अ‍ॅक्सलला लावायच्या पाय ठेवायच्या नळ्या) आणि सीट नंतर कधीही येतील. आणि नवीन चाकावर थोडे दिवस चालवून झालं की १७ चा पाना घेऊन मागचे नट परत आवळा, आरे बोटानं दाबून बघा, त्यातला एकही बाकीच्यांपेक्षा सैल लागला तर उडी मारायच्या आधी आउट काढून घ्या.